तिन्हीसांजेला सांबर दिसावे म्हणून : दुर्बीण निवडण्याचे मार्गदर्शन

सागरेश्वर अभयारण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या गळ्यात २०×५० ची दुर्बीण होती. ती ऑनलाइन मागवली होती आणि तिची भिंगे माणकासारखी लालभडक चमकत असल्यामुळे मी मनातून फुशारलो होतो. चैत्रातली संध्याकाळ होती. कृत्रिम पाणवठ्याच्या पलीकडे झुडपांत काहीतरी हलले. दुर्बीण लावली तर थरथरणाऱ्या हिरवट काळोखात एक डाग तेवढा दिसला. शेजारच्या वनमजुराने पट्ट्याऐवजी सुती नाडा बांधलेली आपली जुनी ७×५० मुकाट्याने माझ्या हातात दिली. त्याच झुडपात सांबराची मादी उभी होती. तिचा डावा कान आमच्याकडे वळला होता, उजवा मागे फिरत होता आणि ओठांवरून पाणी ठिबकत होते. मोठा आकडा माझ्याकडे असूनही सांबर त्याच्या दुर्बिणीत दिसले. असे का झाले, हे समजून घ्यायला मला पुढची दोन वर्षे आणि आणखी एक चुकीची खरेदी लागली. नव्याने या नादाला लागणाऱ्यांचा तो वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा केला पाहिजे. कमी उजेडात हरणे पाहण्याच्या साधनांविषयी शोध घेतला की जी माहिती पुढे येते, तिच्यातील बरीचशी परदेशातील शिकाऱ्यांसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे बंदुकीवर बसवायची दुर्बीण आपल्या कामाची नाही. ती एका डोळ्याने पाहायची असते, तिच्यात दिसणारे क्षेत्र चिंचोळे असते आणि अभयारण्याच्या फाटकावर ती पिशवीतून निघाली तर पुढचा सगळा दिवस खुलासे करण्यातच जाईल. त्या शिकाऱ्यांनी उजेडाचे जे गणित मांडले आहे ते मात्र अचूक आहे आणि ते आपल्याला जसेच्या तसे उपयोगी पडते.

१. कुठे आणि किती वाजता पाहणार, हे आधी ठरवा

सातारा-सांगलीकडे हरणे पाहण्याच्या जागा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. देवराष्ट्राजवळचे सागरेश्वर अभयारण्य अवघे १०.८७ चौरस किलोमीटरचे, कुंपणाने वेढलेले आणि माणसाने उभे केलेले आहे. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर झाडे लावली गेली आणि प्राणी आणून सोडले गेले. तिथे सांबर, चितळ आणि काळवीट पाहायला मिळतात, अंतरेही बेताची असतात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गर्द सदाहरित रान आहे. तेथील सांबर, भेकर आणि गवा झाडीतून क्षणभर दिसतात आणि जंगलात संध्याकाळ बाहेरच्या मोकळ्या माळापेक्षा लवकर उतरते. माणदेशाच्या माळरानावर नेमके उलट असते. उजेड भरपूर, आडोसा शून्य, आणि प्राणी दूर.

वेळेचा विचार तर त्याहून महत्त्वाचा आहे. आपण साधारण १७ अंश अक्षांशावर राहतो. इथे सूर्य मावळल्यावर कामापुरता संधिप्रकाश बावीस ते पंचवीस मिनिटे टिकतो. स्कॉटलंडमध्ये जून महिन्यात तोच पाऊण तासाहून अधिक रेंगाळतो. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यात सूर्यास्तानंतर एका तासापर्यंत शिकारीला मुभा आहे, म्हणून तिकडचे लोक त्या शेवटच्या तासासाठी किलोभराहून जड ८×५६ दुर्बिणी बाळगतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या सुमारास फाटकाबाहेर पडावेच लागते. ज्या अंधारात तुम्हाला आत थांबताच येणार नाही, त्या अंधारासाठी पैसे मोजू नका.

याला एक अपवाद आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरील मचाणांवरून जी प्राणीगणना घेतो आणि अलीकडे जिला ‘निसर्गानुभव’ म्हणतात, तिच्यात भाग घ्यायचा असेल तर चांदण्यातच पाहायचे असते. तिथे मोठ्या भिंगाचे चीज होते.

२. दुर्बिणीवरचे दोन आकडे वाचायला शिका

८×४२ असे लिहिलेले असते तेव्हा पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की मागच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या चकतीचा व्यास मिळतो. जाणकार तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखली की मागच्या भिंगात ही लहानशी पांढरी चकती स्वच्छ दिसते.

८×४२ ची चकती ५.२५ मिलिमीटरची, १०×४२ ची ४.२, ७×५० ची ७.१ आणि माझ्या त्या २०×५० ची केवळ अडीच मिलिमीटरची होती. संध्याकाळी डोळ्याची बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडली आणि तिच्यात अडीच मिलिमीटरची चकती पडली, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने बाहुलीचा चौथा हिस्साच भरतो, म्हणून चित्रही चौपट अंधारे दिसते. दुर्बीण अंधार उजळते हा गैरसमज मीसुद्धा बरीच वर्षे बाळगला. उत्तमातली उत्तम दुर्बीणही नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून उजळ दृश्य दाखवू शकत नाही, ती तेवढ्याच उजेडात ते मोठे करून दाखवते. चकती बाहुलीपेक्षा लहान असेल तर तेवढ्याच उजेडाचाही काही भाग आपण गमावतो.

भर दुपारी दुकानात हा फरक कळत नाही, याचेही कारण हेच आहे. उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते, त्यामुळे खिशात मावणारी १०×२५ आणि गळ्यात जड लागणारी १०×४२ सारख्याच उजळ दिसतात. दुकानदार सांगतो, ‘‘बघा साहेब, काही फरक आहे का?’’ आणि तो त्या क्षणी खोटेही बोलत नसतो.

खोक्यावर कधी कधी ट्वायलाइट फॅक्टर नावाचा आकडा छापलेला असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की तो मिळतो. ८×४२ साठी तो १८.३ येतो, १०×४२ साठी २०.५. संधिप्रकाशात बारकावे ओळखायला पटीचीही थोडी मदत होते, एवढाच त्याचा अर्थ आहे. याच सूत्राने २०×२५ सारख्या खेळण्याला २२.४ गुण मिळतात, म्हणून चकती चार-पाच मिलिमीटरच्या खाली जात असेल तर त्या आकड्याकडे पाहूही नका.

३. स्वतःच्या बाहुलीचे माप घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. विशीतल्या डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीच्या आसपास बहुतेकांची पाचच्या जवळपास येऊन थांबते. ज्याची बाहुली पाचच मिलिमीटर उघडते त्याने ७×५० घेतली तर सात मिलिमीटरच्या चकतीतला उरलेला उजेड बुबुळावर सांडून वाया जातो आणि मानेवर वजन मात्र पूर्ण राहते.

माप घरी घेता येते. खोलीत अंधार करून पंधरा मिनिटे बसावे, डोळ्याच्या अगदी खाली मिलिमीटरची पट्टी आडवी धरावी आणि घरातल्या कोणाकडून तरी फ्लॅश टाकून फोटो काढून घ्यावा. यासाठी जुना डिजिटल कॅमेरा लागतो आणि त्यातली डोळ्यांचा लालपणा घालवण्याची सोय बंद ठेवावी लागते. मोबाईलचा दिवा फोटोच्या आधीच पेटतो आणि बाहुली आकसून जाते, म्हणून तो इथे चालत नाही. माझे माप साडेपाच आले आणि ७×५० चा माझा हट्ट त्या रात्रीच संपला.

माझे मत विचाराल तर पहाट आणि तिन्हीसांजेसाठी ८×४२ घ्या. माळरानावरच जास्त फिरणार असाल आणि हात स्थिर असेल तर १०×४२ चालेल. वय कमी आहे आणि दरवर्षी बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसणार आहात, तरच ७×५० किंवा ८×५६ चा विचार करा.

४. भिंगांवरचे लेप आणि आतले लोलक

सारखेच आकडे असलेल्या दोन दुर्बिणींच्या किमतीत पाचपट फरक असतो, त्याचे मुख्य कारण इथे आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परतून वाया जातो. दुर्बिणीत असे पृष्ठभाग सहज बारा असतात, म्हणजे शेवटी डोळ्यापर्यंत सुमारे ६१ टक्केच उजेड पोहोचतो. प्रत्येक पृष्ठभागावर चांगला बहुपदरी लेप असेल तर तोच आकडा ९४ च्या आसपास जातो. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ हे दोन्ही शब्द असायला हवेत. नुसते ‘कोटेड’ म्हणजे कुठल्या तरी एखाद्या भिंगावर एक पदर असू शकतो. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर बहुपदरी लेप आहे आणि बाकीच्यांचे काय, ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

लाल चमकणारी भिंगे मुळीच घेऊ नयेत. तो लेप तांबडा उजेड परत फेकतो, त्यामुळे आत हिरवट आणि अधिक अंधारे दिसते. सांबराचा तपकिरी रंग त्यात चिखलासारखा होऊन जातो.

भिंगातून उलटे येणारे चित्र सुलटे करणारे काचेचे लोलक दोन प्रकारचे असतात. पोरो लोलकाच्या दुर्बिणीचे खांदे रुंद असतात आणि तिची पुढची भिंगे मागच्यांपेक्षा एकमेकांपासून दूर असतात. रूफ लोलकाची दुर्बीण सरळ नळ्यांची आणि आटोपशीर असते. नेहमी आढळणाऱ्या रूफ लोलकात एका पृष्ठभागावर आरशासारखा लेप द्यावा लागतो आणि तो साध्या ॲल्युमिनियमचा असला तर तिथे दहाएक टक्के उजेड जातो. महागड्या दुर्बिणींत तिथे डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी अनेक पातळ पदरांचा) लेप असतो आणि जवळजवळ काहीच वाया जात नाही. म्हणून हात आखडता असेल तर स्वस्त रूफपेक्षा त्याच पैशात पोरो घ्यावी, ती अधिक उजळ असते. तिची अडचण एकच, पावसात तिची बरीच काळजी घ्यावी लागते. कोयनेच्या पावसाळ्यात जाणार असाल तर मग नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी रूफच बरी.

५. दुकानात तपासणी करताना

संध्याकाळी जा. दिवे लागणीच्या वेळी दुकानदाराला विनंती करून दुर्बीण बाहेर रस्त्यावर आणा. काउंटरवरून समोरच्या फळीवरचे खोके वाचून काहीही सिद्ध होत नाही. साताऱ्यात मी पोवई नाक्याजवळ उभा राहून अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची झुडपे मोजत असे, आणि लोक मलाच पाहत असत.

पहिल्यांदा उजेडाची चकती पाहा. ती स्वच्छ गोल असावी. तिच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या किंवा करड्या दिसत असतील तर आतले लोलक हलक्या काचेचे किंवा अपुऱ्या आकाराचे आहेत. मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटची प्रतिबिंबे पाहा. ती एकामागे एक अनेक दिसतील. सगळी फिकट हिरवी किंवा जांभळी असावीत. त्यांत एखादे लख्ख पांढरे असेल तर त्या पृष्ठभागावर लेप नाही.

यानंतर दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत की नाहीत ते तपासा. दूरची विजेची तार किंवा छपराची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे न्या. दोन्ही चकत्यांत ती रेषा एकाच पातळीवर राहिली पाहिजे. एकीकडे वर आणि एकीकडे खाली गेली तर ती दुर्बीण परत द्या, कितीही स्वस्त मिळत असली तरी. अशा दुर्बिणीतून पाहताना मेंदू दोन्ही चित्रे ओढून जुळवत राहतो आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागते. माझी दुसरी चुकीची खरेदी ती हीच.

शेवटी रस्त्यावरच्या दिव्याच्या थोडे बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात पाहा. चित्रावर दुधासारखी साय पसरत असेल तर संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसल्यावर तीच साय हरणावर पसरणार आहे. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.

दोन जाहिरातींपासून सावध राहा. खोक्यावर ‘नाइट व्हिजन’ लिहिलेली साधी काचेची दुर्बीण रात्री पाहण्याचे यंत्र नसते, तो नुसता छापलेला शब्द असतो. तसेच १०–३० अशी पट बदलणारी झूम दुर्बीण जास्त काचेची, चिंचोळ्या दृश्याची आणि लवकर बिघडणारी असते.

चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा जितका दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते ते अंतर, किमान १५, शक्यतो १७ मिलिमीटर हवा, नाहीतर चष्म्यातून दृश्याचा मधलाच भाग दिसतो. वजन ६५० ते ८०० ग्रॅमच्या दरम्यान असावे. बिलावर दुर्बिणीचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटीचे कार्ड दुकानाच्या शिक्क्यानिशी घ्या. ऑनलाइन मागवली तर परत करण्याच्या मुदतीतच एक पूर्ण संध्याकाळ बाहेर काढून वरच्या सगळ्या तपासण्या उरका.

६. दुर्बीण आपल्या डोळ्यांना बसवून घ्या

कितीतरी लोक उत्तम दुर्बीण वर्षानुवर्षे अर्धवट धूसर वापरतात. आधी दोन्ही नळ्यांमधले अंतर असे जुळवा की दोन वर्तुळांचे एक वर्तुळ व्हावे. उजव्या बाजूचे पुढचे भिंग झाकून, मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावे झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या बाजूच्या मागच्या भिंगाजवळची डायॉप्टरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. त्या कडीवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, म्हणजे कोणी फिरवली तरी लगेच जागेवर आणता येते. चष्मा लावणाऱ्यांनी मागच्या भिंगांभोवतीचे रबरी आयकप खाली दुमडावेत, इतरांनी वर ठेवावेत.

७. जंगलात जाताना

सोबत घेण्याच्या वस्तू आणि कागद : सरकारी ओळखपत्र आणि त्याची प्रत, जिथे लागते तिथला प्रवेश परवाना, दुर्बीण आणि रुंद पट्टा, भिंगांसाठी मऊ कापड आणि फुंकणी, तांबड्या उजेडाची लहान बॅटरी, एक हाताला येणारी काठी, मळकट हिरवे किंवा खाकी कपडे आणि पाणी. वासोट्याला जाणाऱ्यांना बामणोलीत वनविभागाची परवानगी घ्यावी लागते आणि तिथे मुक्काम करता येत नाही. इतर ठिकाणच्या वेळा फाटकावर विचारूनच बेत आखावा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या एका झगमगाटाने ती मोडते. मचाणावर शेजारच्याने मेसेज वाचला की तुमची अर्धा तासाची कमाई गेली. म्हणून फोन पिशवीत बंद असावा आणि बॅटरी लागलीच तर तांबडी.

पाहताना आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल शोधा, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. कोपर मचाणाच्या आडव्या बांबूवर किंवा काठीवर टेकवा. हाताची थरथर पटीइतकीच मोठी होते आणि कमी उजेडात डोळा मंद झालेला असल्यामुळे हलणारे चित्र त्याला मुळीच पकडता येत नाही. फार अंधार झाल्यावर वस्तूकडे रोखून न पाहता किंचित बाजूला पाहावे, तिथल्या पेशी अंधारात अधिक तरबेज असतात.

रंग मावळल्यावर फिकट भाग शोधावेत. गव्याच्या पायांतले पांढरे मोजे सगळ्यांत शेवटपर्यंत दिसत राहतात. काळवीट नराचे पांढरे पोट अंधारात वेगळे तरंगते. चितळाचे ठिपके मात्र लवकर विरतात, ते मोजता येत असतील तर उजेड अजून पुरेसा आहे असे समजावे. सांबर तर पूर्णच काळोखात मिसळते, त्याचे रुंद कान हलतात तेव्हाच ते सापडते. सांबराने पुढचा पाय आपटला तर त्याला तुमचा सुगावा लागला आहे, तेव्हा आणखी पुढे सरकू नका. काळवीट हे कुरंग (अँटिलोप) असून त्याची शिंगे कायमची असतात, सांबर आणि चितळ यांची मात्र गळून पुन्हा येतात. म्हणून बिनशिंगाचे प्रत्येक सांबर मादी म्हणून नोंदवू नका.

८. परत आल्यावर

चिखलाचा थेंब किंवा धूळ असेल तर आधी फुंकणीने उडवा, मगच कापड लावा. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसल्यास धुळीतले बारीक खडे लेपावर ओरखडे काढतात. पावसात किंवा दवात भिजलेली दुर्बीण लगेच पिशवीत कोंडू नये, रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवावी. साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या दमट हवेत कातडी पिशवीत ठेवलेल्या दुर्बिणीत बुरशी धरते. भिंगाच्या आतल्या बाजूने कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात आणि ते काढायचा खर्च कधी कधी नव्या दुर्बिणीइतका होतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दुर्बीण ठेवावी. रंग बदलणारे दाणे मिळाले तर ते घ्यावेत, निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत कोरडे करावेत. तो तवा मात्र भाकरीचा नसावा.